सोळा बाइटांची चिठ्ठी

पुणे,
रविवार, रात्र

प्रिय दिन्या,

तुझं पत्र येऊन महिना झाला आणि मी आज उत्तराला बसतोय. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. महिनाभर कुलपांत अडकलो होतो. दाराच्या नव्हे, फायलींच्या.

कॉलेजच्या लॅबमध्ये आपण दोघांनी एकच फाइल एकाच वेळी सेव्ह केली आणि तुझ्या कोडने माझा कोड गिळला, आठवतंय? ते टाळायलाच लॉक असतं. एनएफएस म्हणजे दुसऱ्या मशीनवरच्या फायली नेटवर्कवरून वापरायची पद्धत. तिच्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत सर्व्हर कुणाचं काही लक्षात ठेवत नाही, म्हणून लॉकसाठी एनएलएम हा वेगळा प्रोटोकॉल, आणि कुठलं मशीन पडून पुन्हा उठलं ही खबर द्यायला एनएसएम. लिनक्सवर पहिलं काम लॉकडी नावाचा प्रोग्रॅम बघतो, दुसरं स्टॅटडी. क्लायंट, म्हणजे फायली मागणारं मशीन, रीबूट झाल्याचं कळलं की सर्व्हर त्याची जुनी लॉक सोडून देतो.

आमच्याकडचा कोड याच वळणाचा, पण घरी वाढलेला आणि म्हातारा. त्याला आयपीव्ही६, म्हणजे मशीनच्या नेटवर्क-पत्त्यांची नवी लांब पद्धत, शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ३२ बिटांचा पत्ता १२८ बिटांचा करायचा, दोन दिवसांत उरकेल असं वाटलं. ग्रेप मारला, म्हणजे सगळ्या कोडात शोध घेतला, तर तुलनेत, हॅशमध्ये, लॉगच्या ओळींत, सगळीकडे मशीन म्हणजे चार बाइटांचा एक आकडा हेच धरून चाललेलं. त्यात कुठली सेवा कुठल्या पोर्टवर, म्हणजे मशीनच्या कुठल्या दार-क्रमांकावर, आहे ते सांगणाऱ्या जुन्या पोर्टमॅपरला आयपीव्ही६ कळतच नाही, त्यासाठी आरपीसीबाइंड हवा. तो पत्ता आणि पोर्ट एकाच ओळीत देतो. शेवटी '.८.१' दिसलं. तो पत्त्याचाच भाग समजून मी अर्धा दिवस घालवला. ते पोर्ट होतं रे! ८ गुणिले २५६ अधिक १, म्हणजे २०४९. एनएफएसचंच.

पण खरी गंमत पुढेच. एखाद्या मशीनवर नजर ठेवायला सांगताना लॉकडी स्टॅटडीच्या हाती १६ बाइटांची चिठ्ठी देतो. ते मशीन रीबूट झालं की स्टॅटडी ती चिठ्ठी न उघडता परत करतो. आमच्या कोडात त्या चिठ्ठीवर चार बाइटांचा पत्ता असायचा. नवा पत्ता किती बाइटांचा? बरोबर १६! मापाने शिवल्यासारखा बसला. त्या संध्याकाळी टपरीवर सगळ्या टीमला मी चहा पाजला.

तिथेच नडलं. चाचणीला एकाच इमेजवरून (तयार साच्यावरून) दोन व्हर्च्युअल मशीन काढली होती, वेगवेगळ्या नेटवर्कवर, पण मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) एकच राहून गेला. एफई८० ने सुरू होणारा लिंक-लोकल, म्हणजे त्याच नेटवर्कपुरता चालणारा, पत्ता त्या मॅकवरूनच बनत होता, म्हणजे दोघांचा तंतोतंत सारखा. फरक फक्त कुठल्या इंटरफेसवरून (नेटवर्कच्या जोडणीवरून) आला एवढाच, आणि तो लिहायला चिठ्ठीवर जागाच नाही. मी एक मशीन रीबूट केलं आणि सर्व्हरने दुसऱ्याची लॉक सोडली. तिसऱ्या मशीनने तेच लॉक मागितलं, लगेच मिळालं. दोन खिडक्या शेजारी उघड्या, दोन्हींत एकच ओळ: 'लॉक माझ्याकडे आहे.' पोटात गोळा आला.

उपाय काढला तो देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवाल्याचा. तो कधी तुझा पत्ता विचारतो का? बिल्ला देतो, बिल्ला बघून चपला परत. चिठ्ठीवरून पत्ता पुसला आणि वेळ व अनुक्रमांक जोडून केलेला बिल्ला टाकला. चिठ्ठी एकाच मशीनवरच्या दोघांतच फिरते, बाहेरच्या कुणाला ती वाचायची नसते. मग लिनक्सचा कोड उघडून पाहिला, तर त्यांनीही आयपी पत्ता काढून असाच बिल्ला ठेवलेला! आधी बघायला हवं होतं, हे तू म्हणायच्या आत मीच म्हणतो.

आमचे साहेब विचारतात, चौथी आवृत्ती का नाही घेत? तिच्यात लॉक मूळ प्रोटोकॉलमध्येच आहे, वेगळा लॉकडी लागत नाही. मान्य. पण गिऱ्हाईक तिसरी सोडत नाही आणि पगार गिऱ्हाईकाच्या पैशातून होतो.

एक दुखणं अजून बाकी आहे. आयपीव्ही६ च्या सॉकेटवर जुन्या पत्त्याचा क्लायंट आला की तो पत्ता नवा अंगरखा घालून दिसतो, आणि आमचा कोड त्याच एका माणसाला दोन धरतो. लॉक घेतो एक, सोडायला येतो दुसरा. उद्या सकाळी त्यालाच भिडायचंय.

बेळगावला पाऊस कसा आहे? काकूंना नमस्कार सांग. आणि मागच्या वेळी कुंदा पाठवतो म्हणाला होतास, तो अजून वाटेतच आहे.

तुझा,
सुऱ्या