मावशी, चिंचोक्यांच्या डब्याबद्दल थँक्यू

मावशी,

हे तुमच्या नातीला मोबाईलवर वाचून दाखवायला सांगितलंय. तुम्ही म्हणणार काय गं एवढं, समोर येऊन बोल की. पण समोर बोलले तर तुम्ही विषय बदलून चहा ठेवता, म्हणून लिहितेय, आणि सगळ्यांसमोर लिहितेय कारण नवीन लागलेल्या सेविकांनाही जरा उपयोग होईल.

मी नाशिकची, सासर डहाणूकडचं म्हणून ही अंगणवाडी मिळाली. डीएड केलंय म्हणून डोक्यात हवा. पहिल्या दिवशी 23 पोरं, मी फळ्यावर अ आ इ काढून "सांगा, सांगा" करत ओरडतेय, दहा मिनिटांत दोघं रडायला लागले, एक दाराबाहेर पळाला आणि मला पण रडू यायचंच बाकी होतं. तुम्ही मदतनीस, खिचडी ढवळत होतात. पळी ठेवलीत, येऊन पोरांच्यात खाली बसलात आणि इतक्या बारीक आवाजात गाणं गुणगुणायला लागलात की काय म्हणताय ते ऐकायला पोरं आपोआप गप्प झाली. मी उभीच. मग मलाच म्हणालात, "ताई, तुम्ही पण बसा की, एवढ्या उंच माणसाशी कोण बोलेल?"

दाराशी रडणाऱ्यांचं पण तसंच. मी आयांना सांगायचे, गुपचूप सटका. तुम्ही ते बंद केलंत. आईने सांगूनच जायचं, आणि 11 वाजता येते असं नाही सांगायचं, त्याला घड्याळ कुठे कळतं, "खिचडी खाऊन झाली की येते" म्हणायचं आणि खरंच तेव्हा यायचं. वर त्या रडक्याच्या हातात ताटल्यांचा ढीग द्यायचात, वाढायला घे म्हणून. तीन दिवस तो रडत रडत ताटल्या मांडत होता, चौथ्या दिवशी दुसऱ्या कुणी हात लावला म्हणून रडला!

आणि चिंचोके. मी पेन्सिली वाटत होते आणि तुम्ही म्हणत होतात आधी बोटं तयार होऊ देत. चिमटीने एकेक चिंचोका उचलून बाटलीत टाकायचा, जुना पेपर फाडायचा, कणकेचे गोळे, ओलं फडकं पिळायचं. देताना मोजून द्यायचे आणि परत घेताना पोरांकडूनच मोजून घ्यायचे, कारण नाकात घालायला एक पुरतो, आणि त्यातच त्यांची मोजणी पण पक्की होते हे मला फार उशिरा कळलं. तीन वर्षांच्यांना चिंचोके नाहीच, त्यांना करवंट्या आणि मोठे शिंपले. एक बाबा तावातावाने आला होता आठवतो का, प्रायव्हेटमधली पोरं एबीसीडी लिहितात आणि आमचा शेंगा निवडतो म्हणून? तुम्ही शांतपणे विचारलंत, "शर्टाचं बटण लावतो का तो? नाही ना? मग पेन्सिल कशी धरेल?"

नंतर मी कोसबाडच्या टेकडीवर जाऊन आले. 1957 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीहून तिथे आल्या, महागाच्या साहित्याऐवजी बिया, पानं, शिंपले घेऊन शिकवायच्या, पोरं येत नाहीत तर पाड्यावरच्या अंगणात बालवाडी भरवायची, गुरं राखणाऱ्यांसाठी तर कुरणातच शाळा. सरकारची अंगणवाडीची योजना 1975 ची, म्हणजे अंगण त्याच्या कितीतरी आधीचं. मी मोठ्या उत्साहाने हे तुम्हाला सांगायला आले तर तुम्ही म्हणालात, "माहितेय, आमच्या अंगणात पण भरायची." एवढी वर्षं हे सांगितलं का नाहीत?

ती कोपऱ्यातली पोरगी मात्र माझ्या मनातून जात नाही. दोन महिने एक शब्द बोलली नाही, मी रजिस्टरला "समजत नाही" लिहायला निघाले होते. तुम्ही तिच्याशी वारलीत बोललात आणि तिने बाप कुठे कुठे मासे धरतो ते सगळं सांगून टाकलं. समजत मला नव्हतं. आता गोष्ट आधी तुमच्याकडून शिकलेल्या मोडक्या वारलीत सांगते, पोरं माझे उच्चार दुरुस्त करतात, मग तीच गोष्ट मराठीत. रोज तीच गोष्ट चालते त्यांना, कंटाळा मलाच येतो.

छोटं छोटं तर किती. "पळू नका" ऐवजी "मांजरीसारखं चाला". खेळ एकदम थांबवायचा नाही, "अजून दोनदा घसरा, मग हात धुवायला" असं आधी सांगायचं. मी रेंज शोधत पोषण ट्रॅकर, म्हणजे सरकारचं ते माहिती भरायचं ॲप, भरत बाहेर फिरायचे तेव्हा वर्ग तुम्हीच चालवलात, पगार मात्र मदतनिसाचा, याचा राग मला अजून आहे.

एक गोष्ट नाही पटली, सांगून टाकते. जेवलं नाही की सुईवाल्या नर्सबाईची भीती घालायचात ना, लसीकरणाच्या दिवशी अर्धी पोरं शेतात पळाली होती. ते मी बंद केलंय.

नवीन मावशी सोमवारपासून येतायत. चिंचोक्यांचा डबा सापडला, पण मोजले तर 60 मधले 4 कमी भरतायत. तुम्ही नेले असतील तर राहू देत.

तुमची,
ताई