पन्नास नकोत, दहाच घे

चि. सौ. रेखास,
अनेक आशीर्वाद.

जावईबापूंनी फोनवर शेडचं अंदाजपत्रक वाचून दाखवलं. लोखंडी जाळी, फरशी, पन्नास शेळ्या, दोन बोकड आणि बँकेचं कर्ज. सगळं व्यवस्थित लिहिलंय, फक्त त्या कागदावर करडं मरतच नाहीत! म्हणून पत्र लिहायला बसले. फोनवर तू "हो आई, हो आई" म्हणतेस आणि ठेवून देतेस.

धंदा वाईट नाही. 2015 च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर थकलेला बैल विकून चार पैसे उभे करायची वाट बंद झाली, पण बोकड कधीही विकता येतो. आपली उस्मानाबादी जुळ्यांची, नीट सांभाळली तर दोन वर्षांत तीन वेतं देणारी. तरी नफा किती करडं झाली त्यात नसतो, किती जगली त्यात असतो. जुळ्यातलं एक दगावलं तरी शेळीने पाच महिने खाल्लेला चारा कुणी परत देत नाही.

व्याल्यावर अर्ध्या तासात करडाच्या पोटात चीक गेला पाहिजे. तुझ्या सासूबाई म्हणतील, आधी वार पडू दे. त्यांना उलटून बोलू नकोस, पण करडू आचळाला लाव. पाजल्याने वार उलट लवकर सुटते. जुळ्यातलं थोराड दुसऱ्याला ढकलतं, तेव्हा अशक्त आधी पाज. नाळेला टिंक्चर आयोडीन. पहिला महिनाभर खाली कोरडं हवं. फरशी ओली राहिली की करडं खोकायला लागतात, मग सुई टोचूनही उपयोग होईलच असं नाही. भर पावसात वेत येऊ नये असं बघ. म्हणजे माघ-फाल्गुनात शेळ्या फळवू नकोस, तेवढे दिवस बोकड वेगळा बांध.

मृगाचा पाऊस पडला आणि कोवळं गवत उगवलं की लोकांना आनंद होतो, मला धडकी भरते. उपाशी कळप त्यावर सोडला की आंत्रविषार होतो. संध्याकाळी उड्या मारणारं धष्टपुष्ट करडू सकाळी ताठ झालेलं सापडतं, आणि गाव म्हणतं दृष्ट लागली. दृष्ट कसली! पावसाळ्याआधी लस टोचायची, पहिल्यांदा टोचलेल्यांना दोन-तीन आठवड्यांनी परत द्यायची, आणि रोज सोडण्याआधी तुरीचं नाहीतर हरभऱ्याचं भुसकट पोटभर घालायचं. पीपीआर म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग, त्याची लसही दवाखान्यात विचारून घे. तो रोग बहुतेक वेळा बाजारातून आणलेल्या शेळीबरोबर येतो, म्हणून नवी शेळी तीन आठवडे वेगळी बांधायची. पाहुणीची असली तरी.

चराईचं सांगते. तुमच्या माळाचे तीन-चार तुकडे पाड आणि आलटून पालटून चार. सकाळी दव वाळल्याशिवाय सोडू नकोस. जंतांची पिल्लं ओल्या पात्यावर चढून बसतात. शेळी मुळात झाडपाला खाणारी. तिला खाली मान घालून खुरटं गवत ओरबाडायला लावलं की जंत झालेच. आठवड्यातून एकदा प्रत्येकीची खालची पापणी ओढून बघ. लालसर असेल तर ठीक, पांढरीफटक असेल तर तिलाच औषध दे, तेही वजनाप्रमाणे. सरसकट सगळ्या कळपाला पाजत राहिलं की औषध लागू पडेनासं होतं. नुकत्याच गाभण राहिलेल्या शेळीला अल्बेंडाझोल मात्र देऊ नकोस.

बोकडावर कंजुषी नको. पंचवीस-तीस शेळ्यांना एक पुरतो, म्हणजे अर्ध्या कळपाचं रक्त त्याचंच. जुळ्यातला घे, त्याची आई बघून घे. दोन वर्षांनी बदल, नाहीतर तो स्वतःच्याच पाठींवर, म्हणजे वयात आलेल्या लेकींवर, जातो आणि करडं खुजी निघतात. फलटणच्या निंबकर संस्थेतल्या बोअर जातीचं जावईबापूंना भारी वेड आहे. वजन चढतं, खरं आहे. पण आपल्या उन्हात आणि आपल्या पाल्यावर पहिली दोन वर्षं आपल्या काळ्या उस्मानाबादीच बऱ्या.

विक्रीत बायकांना हमखास फसवतात. व्यापारी कमरेवर बोटं दाबून "वीस किलो" म्हणतो, काट्यावर तेच पंचवीस भरतं. टांगायचा काटा घेऊनच टाक, शेडच्या जाळीआधी. बकरी ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. 2025 ला 7 जूनला होती, 2027 ला मेच्या मध्यावर येईल. कुर्बानीचा बोकड वर्षाचा पूर्ण लागतो. भाद्रपद-आश्विनात फळवलेल्या शेळ्या माघ-फाल्गुनात वितात, आणि ते बोकड त्याच्या पुढच्या वर्षीच्या ईदला सव्वा वर्षाचे होतात. सगळे राखू नकोस, चारा परवडत नाही. चार उंच, देखणे ठेव, बाकीचे आधी काढ. शिंग मोडलेला, लंगडणारा बोकड त्या दिवशी कुणी घेत नाही, तेव्हा त्यांच्या झुंजी होऊ देऊ नकोस.

दहापासून सुरू कर. कळप घरच्या पाठींनी वाढव, विकत घेऊन नाही. कर्ज काढायचंच असेल तर तेवढ्यापुरतं, आणि विमा उतरवून.

शेवरीचं बी मामाबरोबर पाठवते आहे. पावसाआधी बांधाच्या कडेने टोक. सुबाभूळ तुमच्याकडे आहेच, पण चाऱ्यात तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त घालू नकोस, अंगावरचे केस झडतात.

विहीणबाईंना नमस्कार, बाळाला गोड पापा.

तुझी,
आई