दोन क्रेडिटसाठी उद्यमनगरातनं मंत्रीसाहेबांना खुलं पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्रीसाहेब,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: बीबीएच्या पोरीचे न धरलेले २ क्रेडिट, आणि लिहिता लिहिता जे निघेल ते

सा. न. वि. वि.

साहेब, आपण कामात असाल, तरी पाच मिनिटं काढून वाचावं ही विनंती. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात २ लेथ आणि १ ड्रिलिंग मशीन टाकून जॉबवर्क करणारा माणूस. पत्रं लिहायची सवय नाही, चलन लिहायची आहे. त्यामुळं चूकभूल द्यावी घ्यावी.

गेल्या मंगळवारी आमची पोरगी कॉलेजातनं आली आणि सॅक पण न काढता सोप्यात बसून राहिली. आईनं चहा ठेवला तर नको म्हणाली. मग म्हणाली, पप्पा माझे २ क्रेडिट धरले नाहीत. आता आमच्या उद्यमनगरात क्रेडिट म्हणजे उधारी ओ. माल आज गेला, पैसे ९० दिवसांनी, त्याला आम्ही क्रेडिट म्हणतो. मला वाटलं फीचं काहीतरी राहिलंय, म्हटलं किती द्यायचंय सांग, उद्या बघू. तर पोरगी रडायलाच लागली.

दुसऱ्या दिवशी एक लेथ बंद ठेवून कॉलेजात गेलो. खिडकीवरचा क्लार्क माणूस वाईट नव्हता, खोटं कशाला बोलू. त्यानं कॉम्प्युटर माझ्याकडं फिरवून दाखवला. एक्सेलची शीट, पोरांची नावं, आणि त्यात काही ओळी पिवळ्या. आमची पोरगी पिवळ्यात. म्हणाला, मामा, दुसऱ्या सेमिस्टरला हिनं ओपन इलेक्टिव्ह घेतलाय तो वाणिज्य शाखेतलाच आहे, ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेतला पाहिजे, नव्या शैक्षणिक धोरणाचा २० एप्रिल २०२३ चा जीआर आहे. मी म्हटलं, यादीत दुसऱ्या शाखेचा विषय होता का? म्हणाला, नव्हता. का नव्हता? शिकवायला माणूस नव्हतं. मग पोरीनं काय करायचं होतं? तर म्हणतो, "ते खरंय मामा, पण सिस्टीम घेत नाही."

साहेब, हे वाक्य मी घरी येईपर्यंत गाडीवर तोंडातल्या तोंडात म्हणत होतो. सिस्टीम घेत नाही. म्हणजे हॉटेलात एकच भाजी करायची, ती गिऱ्हाइकाला वाढायची, बिल घ्यायचं, आणि दोन वर्षांनी सांगायचं की तुम्ही चुकीची भाजी खाल्ली.

आणि ही पोरगी काय बेफिकीर आहे असं समजू नका. आमच्या कारखान्यात एका टूल्सवाल्यानं दिलेलं कॅलेंडर असतं, त्याचं जुनं पान फाडून मागच्या कोऱ्या बाजूला तिनं पहिल्याच महिन्यात तक्ता केला होता. पट्टीनं आखलेले सहा रकाने, सहा सेमिस्टर. डाव्या बाजूला मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडविषय, ओपन इलेक्टिव्ह, मग कौशल्याचे व्हीएससी आणि एसईसी, भाषेचा एईसी, मूल्यशिक्षणाचा व्हीईसी, भारतीय ज्ञानाचा आयकेएस, खाली फील्ड प्रोजेक्ट आणि ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामाचा अनुभव. प्रत्येक रकान्याच्या तळाला लाल पेननं २२. मला सगळं समजावून सांगितलं होतं तिनं, एक क्रेडिट म्हणजे १५ तासांचं शिकवणं, डिग्रीला किमान १२० लागतात, २२ नं गेलं तर १३२ होतात, म्हणजे पप्पा आपण सेफ आहे. सेफ! मी ९६ ला बीकॉम झालो, सेकंड क्लास. आम्हाला विषय किती आणि पेपर कधी एवढंच माहीत असायचं, नापास झालो तर का झालो ते कळायचं. इथं पोरगी पास आहे, ६८ मार्क आहेत त्या विषयात, मार्कशीट आहे, सही आहे, आणि तरी तो विषय नाही.

आता मागचं पण ऐका, निघालंच आहे तर. २०२४ ला तुमच्या खात्यानं बीबीए, बीसीए, बीएमएसला पहिल्यांदा सीईटी लावली, कारण हे कोर्स एआयसीटीईच्या, म्हणजे दिल्लीच्या तंत्रशिक्षण परिषदेच्या खाली गेले. बारावी झालेल्या अर्ध्या पोरांना हे परीक्षा होऊन गेल्यावर कळलं. राज्यात लाखावर जागा आणि त्या पहिल्या सीईटीला बसलेली पोरं पन्नास हजाराच्या आत, मग परत एकदा सीईटी घ्यावी लागली. आमची त्या दुसऱ्या खेपेतली. तोवर शेजारची बीकॉमची पोरं चाचणी परीक्षेपर्यंत पोचली होती. काही कॉलेजांनी तर कोर्सचं नावच बदलून टाकलं, बीएमएसचं बीकॉम मॅनेजमेंट केलं, झालं, सीईटी पण नाही आणि एआयसीटीई पण नाही. हुशार कोण ते तुम्हीच ठरवा.

त्याच वर्षी जुलैत तुमची मोठी घोषणा झाली होती. मुलींना उच्च शिक्षण मोफत, ८ लाखाच्या आत उत्पन्न, १०० टक्के फी माफ. बोर्ड लागले होते गावभर, हात जोडलेले फोटो. आमच्या मंडळींनी तर त्या दिवशी अंबाबाईला जाऊन ओटी भरली. मग प्रवेशाचे राउंड लांबत लांबत गेले आणि कॉलेज म्हणालं, सीट जाईल बघा, संस्था स्तरावर, म्हणजे सरकारी राउंड सोडून थेट कॉलेजातच, घेऊन टाका, पैसे भरा, योजनेचं नंतर बघू. नंतर बघितलं. संस्था स्तरावरच्या प्रवेशाला योजना लागू नाही. ही ओळ बोर्डावर नव्हती साहेब, फोटोला जागा कमी पडली असती म्हणून असेल.

वर्षाला ३८ हजार, दोन वर्षांचे ७६, परीक्षा फी, बस पास, पुस्तकं, फॉर्म भरायला नेट कॅफे, तो प्रत्येक दाखल्याला वेगळा खर्च, धरा सव्वा लाख. हजार दोन हजार इकडं तिकडं असेल, पावत्या सगळ्या सापडत नाहीत. आणि एवढं सगळं अडलंय कशावर, तर २ क्रेडिटवर, म्हणजे ३० तासांवर. माझ्या लेथवर ३० तास म्हणजे चार दिवस.

तिसऱ्या वर्षाला प्रवेश देणार म्हणालेत, पण ते २ भरून निघेपर्यंत डिग्री नाही. 'स्वयम्' नावाच्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन कोर्स करा म्हणे. कुठला चालेल? विभागप्रमुखांना विचारा. विभागप्रमुख म्हणाले परीक्षा विभागाला विचारा. परीक्षा विभागानं परत त्या खिडकीवर पाठवलं, त्याच माणसाकडं. त्यानं पण हसून घेतलं बिचाऱ्यानं.

आता ओजेटीचं. सहाव्या सेमिस्टरला प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यायचा, ४ क्रेडिट, कल्पना चांगलीच आहे, आम्हीच म्हणत होतो पोरांना काम दाखवा म्हणून. पोरगी अकरावीपासनं माझी बिलं करते. टॅली तिच्या हातात, जीएसटीचे आर वन आणि थ्रीबी रिटर्न तीच भरते, कुठल्या पार्टीचे पैसे ४५ दिवसांच्या वर गेले ते मला तीच सांगते. दुसऱ्या वर्षाच्या फील्ड प्रोजेक्टला तिनं उद्यमनगरातल्या ३१ वर्कशॉपमध्ये जाऊन विचारलं, आयकरात तो ४३ बी एच नियम, छोट्या कारखान्याचे पैसे ४५ दिवसांत दिले नाहीत तर पार्टीला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही तो, आल्यापासनं तुम्हाला पैसे वेळेवर मिळायला लागले काय. उन्हातनं फिरली, ऑइलचे डाग पडलेले कागद घेऊन आली. अर्ध्या लोकांनी सांगितलं की पार्टी म्हणते ४५ दिवसांचा आग्रह धरलास तर काम दुसरीकडं देतो. खरी माहिती आहे ओ ही, तुमच्या उद्योग खात्याला पण उपयोगी पडेल. तिला बी ग्रेड. आणि तिची मैत्रीण झेरॉक्सवाल्याकडनं ४०० रुपयात स्पायरल मारलेला तयार प्रोजेक्ट घेऊन आली, तिला ए. मैत्रिणीचा राग नाही, ती पण काय करणार.

आणि आता नोटीस लागलीय की ओजेटी घरच्या धंद्यात चालणार नाही, कंपनीचं लेटरहेड पाहिजे, एचआरची सही पाहिजे. माझ्याकडं एचआर म्हणजे एक कामगार, एक हेल्पर आणि मी. शिरोली एमआयडीसीत दोन ठिकाणी विचारून आलो, एक म्हणाला सर्टिफिकेट देतो, पोरीला पाठवायची गरज नाही. बघा म्हणजे! खरं काम करणारीला क्रेडिट नाही आणि घरी बसणारीला आहे. याच गावात म्हादबा मेस्त्रींसारखे कारागीर होऊन गेले, बघून बघून यंत्रं केली त्यांनी. आज असते तर तुमच्या पोर्टलवर त्यांची ओळ पण पिवळी दिसली असती.

त्यात भारतीय ज्ञान प्रणाली नावाचे २ क्रेडिट आहेत, त्याचा पीडीएफ व्हॉट्सअॅपवर आला, तास किती झाले विचारू नका. शिकवणारे सर तासिका तत्त्वावर, मानधन कधी येईल ते त्यांनाच माहीत नाही, अर्ध्या सेमिस्टरात ते एका खाजगी बँकेत लागले. बरं झालं त्यांचं. कायम जागा तुम्ही भरत नाही, आणि कागदावर मात्र पोरांना विषयांच्या दहा प्रकारच्या टोपल्या, बास्केट म्हणतात त्यांना. टोपल्या भरपूर आहेत साहेब, भाजी नाही.

मध्येच बाहेर पडायची पण सोय केलीय, एक वर्षानं सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीननं डिग्री, चारनं ऑनर्स. आमच्या केएमटी बससारखं, पाहिजे त्या स्टॉपला उतरा. पण दोन वर्षांच्या डिप्लोमावर नोकरी कोण देतंय ते एकदा तुम्हीच शिरोलीत येऊन विचारा. आणि चौथं वर्ष आमच्या कॉलेजात निघणार का, ते केलं तर पुढं एमबीएचं एक वर्ष वाचणार का, यावर मला तीन माणसांनी तीन उत्तरं दिली. एकानं तर मलाच विचारलं.

हे पत्र लिहायला बसलो तेव्हा दसरा चौकात शाहू जयंतीचे बोर्ड लागलेत. त्यातले निम्मे तुमच्या लोकांचे. महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोर शाळेत घातलं नाही तर बापाला महिना १ रुपया दंड. आम्ही घातली, तरी दंड आम्हालाच. आणि तक्रार करायची तर किती वर्षं धरू सांगा. कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच मिळायला ४० वर्षं गेली. शहराची हद्दवाढ १९७२ पासनं एक इंच झाली नाही. २ क्रेडिटला कोल्हापूरकरानं किती धरायचे? माझी पोरगी २० वर्षांची आहे.

मागणं फार नाही. कॉलेजनं स्वतः यादीत दिलेला आणि पोरांनी पास केलेला विषय धरा, चूक ज्याची त्याच्याकडनं वसूल करा. प्रवेश घेतानाच सहा सेमिस्टरचा तक्ता शिक्का मारून हातात द्या, कॅलेंडरच्या मागं आखायला लावू नका. आणि ज्या वर्कशॉपला जीएसटी नंबर आहे तिथलं काम ओजेटीला चालू द्या. कर घेताना आमचं लेटरहेड चालतं.

त्या शीटमध्ये आणखी किती ओळी पिवळ्या होत्या ते मी नीट मोजलं नाही, १७ का १९ असतील, क्लार्कनं तेवढ्यात स्क्रीन फिरवली. त्यांचे पण बाप असतील. ते लिहीत नसतील, त्यांना उद्या लेथ चालू करायचा असेल.

आपला,
एका पिवळ्या ओळीचा बाप,
उद्यमनगर, कोल्हापूर

ता. क.: सोमवारी परत बोलावलंय. येताना मूळ कागद आणि दोन झेरॉक्स आणा म्हणालेत. कशाचे, ते सांगितलं नाही.