मुक्ता खरंच काय शिकणार आहे

गंगापूर रोड, नाशिक
१८ ऑगस्ट

प्रिय दिल्या,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. उशिराचं खापर पावसावर फोडणार होतो. धरणातून गोदावरीत पाणी सोडलंय, पात्रातला दुतोंड्या मारुती कमरेपर्यंत बुडालाय आणि अर्धं नाशिक पूर बघायला गंगेवर. पण खरं कारण, तुझी मुक्ता म्युझिक थेरपी, म्हणजे संगीतातून उपचार, शिकायचं म्हणतेय त्यावरचं तुझं ते एक वाक्य: "पोरगी एवढी शिकून आता पेशंटला गाणी ऐकवणार का?" वाचून डोकं फिरलं. मग आठवलं, चौदा महिन्यांपूर्वी मीही हेच म्हणालो असतो. तेव्हा राग गिळून सविस्तर लिहितो.

दादाला पक्षाघाताचा झटका आला तेव्हा तू येऊन गेलास. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. समजायचं सगळं, शब्द मात्र सापडायचा नाही. तहान लागली की नुसतं "ते... ते..." आणि मग डोळे भरून यायचे. अशात एकादशीला शेजारी टाळ वाजले आणि हा गडी खाटेवर पडल्यापडल्या "ज्ञानोबा माउली तुकाराम" स्वच्छ म्हणाला! घरात रडारड. मला वाटलं, औषध सापडलं. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या उशाशी स्पीकर ठेवला आणि सकाळ-संध्याकाळ भजनं सुरू केली. तिसऱ्या दिवशी त्यानं डाव्या हातानं तो स्पीकर खाली ढकलून दिला.

तरी मी शहाणा झालो नाही. कुणीतरी सुचवलं म्हणून एका राग-चिकित्सेवाल्याकडे गेलो. नाव लिहीत नाही. त्यानं दादाला बघायचीसुद्धा तसदी घेतली नाही. एक पेन ड्राइव्ह दिला, वर एक तक्ता: ब्लडप्रेशरला अमुक राग, मधुमेहाला तमुक. साडेआठ हजार रुपये. तू मला व्हॉट्सॲपवर पाठवतोस तोच तक्ता रे, फक्त लॅमिनेट केलेला.

मग फिजिओच्या सेंटरमध्ये म्युझिक थेरपिस्ट भेटली. मुक्ताहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. पहिल्या दिवशी तिनं पेटी उघडलीसुद्धा नाही. डॉक्टरांचे कागद वाचले, स्पीच थेरपिस्टला फोन केला, दादाला ऐकू कितपत येतं, फिट येतात का, तरुणपणी काय ऐकायचा, कुठे ऐकायचा, सगळं विचारून लिहून घेतलं. शेवटी म्हणाली, "आणि कोणतं गाणं नको?" इथे माझी जीभ टाळ्याला चिकटली. मी रोज लावत होतो त्यातलं एक भजन वहिनीच्या दशक्रियेला रामकुंडावर मंडळींनी म्हटलं होतं. दादाला सांगता येत नव्हतं, म्हणून त्यानं स्पीकर ढकलला होता.

तिनं समजावलं ते असं. गजर तोंडातून आला म्हणजे वाचा आली असं नव्हे. पाठ झालेलं आपोआप येतं: आरत्या, पाढे, शिव्याही. भाषेचा बराचसा कारभार मेंदूच्या डाव्या बाजूला चालतो आणि दादाला मार तिथेच बसलाय. गाण्याचं काम मात्र दोन्हीकडे वाटलेलं असतं. तेव्हा गाण्याच्या वाटेनं चालत गरजेच्या शब्दापर्यंत पोचायचं. ही पद्धत १९७३ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी आणि वाचा-तज्ज्ञांनी मांडली. दिसायला अगदी साधी. तिनं दादाचा डावा हात हातात घेतला आणि टेबलावर एकेका अक्षराला एकेक टिचकी: पा-णी-दे. सूर दोनच, एक वर, एक खाली. आधी नुसतं गुणगुणली, मग दोघांनी मिळून, मग ती अर्ध्यातून आवाज काढून घ्यायची आणि दादा एकटाच पुढे. हे जमलं की सूर हळूहळू सपाट करत बोलण्याजवळ आणायचा.

मी तबलजी ना, गप्प बसवलं नाही. भजनी ठेका धरला. दादा तिसऱ्या अक्षराला अडकला. ती हसून म्हणाली, "काका, ठेका छान आहे. पण ते तुमच्यामागे धावतायत. मला त्यांच्यामागे जायचंय." चाळीस वर्षं साथ करतोय, दिल्या, आणि साथ म्हणजे काय हे एका पोरीनं शिकवलं! पुढचे दोन महिने मला खोलीत मांडीवर हात ठेवून बसायची परवानगी होती, बस्स.

चालण्याचंही तसंच. तिनं आधी दादाची पावलं मोजली, मिनिटाला ४८. मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत ठोके देणारं यंत्र, बरोबर ४८ वर लावला. पाऊल ठोक्यात पडायला लागलं तेव्हा कुठे ५२ केलं. फिजिओ शेजारी उभा. प्रत्येक वेळी वहीत आकडे. ती वही मी चोरून वाचली आहे. "आज थकवा, दहाव्या मिनिटाला संगीत थांबवलं" असंही त्यात आहे. थांबवणं हेही काम, हे मला नवीन होतं.

आता तुझा मुख्य प्रश्न, हा धंदा आहे की फॅड. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी अमेरिकेत जखमी सैनिकांच्या इस्पितळांत गवई-वादक जाऊन वाजवायचे. सैनिकांवर परिणाम दिसला, पण नुसता चांगला कलाकार तिथे पुरत नाही हेही दिसलं. म्हणून १९४४ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठात याच विषयाच्या पदवीचा अभ्यासक्रम निघाला, १९५० मध्ये राष्ट्रीय संघटना झाली. तिथे आज १२०० तासांचं प्रशिक्षण आणि वर परीक्षा. इंग्लंडमध्ये तर नोंदणी नसताना स्वतःला म्युझिक थेरपिस्ट म्हणवणं हा गुन्हा आहे. आपल्याकडे असं काही बंधन नाही, म्हणून तर पेन ड्राइव्हवाले पोट भरतात. तरी पुदुच्चेरीच्या श्री बालाजी विद्यापीठासारख्या ठिकाणी, वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात, रीतसर शिकवतात. गंमत बघ, आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आमच्या नाशकात, आणि हे शिकायला पोरांनी पुदुच्चेरी गाठायची.

मुक्ताचं मानसशास्त्र आहे, गाण्यात विशारद आहे, पाया पक्का. पण विशारद म्हणजे परीक्षकासमोर आपला गळा दाखवणं. इथे समोरच्याचा घोगरा, तुटका आवाज ऐकून त्याच्या पट्टीत उतरायचं. तिला सांग, कुठेही प्रवेश घेण्याआधी एकच विचार: जाणत्या थेरपिस्टच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष पेशंटबरोबर किती तास? गुळमुळीत उत्तर मिळालं तर उठून यायचं.

पैशाचं खोटं सांगणार नाही. पदं थोडी आहेत. आमची ही थेरपिस्ट आठवड्याला तीन ठिकाणी फिरते: हे सेंटर, मतिमंद मुलांची शाळा, एक वृद्धाश्रम. स्कूटरवर, मागे पेटी बांधून. आणि चमत्कारही नाही. उपचारांवरचे अभ्यास तपासणारी कॉक्रेन म्हणून संस्था आहे, त्यांनी २०१७ मध्ये मेंदूला इजा झालेल्यांवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा पक्षाघातानंतर चालण्याला आणि बोलण्याला याची मदत होऊ शकते असं निघालं, पण आणखी चांगले अभ्यास हवेत असंही त्यांनी स्पष्ट लिहिलं. ती थेरपिस्टही पहिल्याच दिवशी म्हणाली होती, पूर्वीसारखं बोलतील असं मी म्हणणार नाही.

तसं ते नाहीच. दादा आता पंधरा-वीस गोष्टी मागतो. "चहा" सरळ येतो. "गरम नाही" अजून सुरातच येतं, आणि सून ऐकून हसली की त्याला राग येतो.

मुक्ताला पुढच्या बुधवारी पाठव. एक सत्र बसून बघू दे. मी थेरपिस्टला विचारलं तर ती म्हणाली, "मला नका विचारू, त्यांना विचारा." म्हणून काल रात्री जेवणानंतर दादाला विचारलं, दिल्याची पोरगी येऊन बसली तर चालेल का. त्यानं बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग डावा हात ताटाच्या कडेवर टेकवला आणि तीन टिचक्या मारल्या. ये-ऊ-दे. शेवटचा सूर जरा चढलाच.

जळगावहून सकाळची गाडी धरायला सांग, मी नाशिकरोडला उतरवून घेतो. आणि तो तक्ता पुन्हा पाठवू नकोस.

तुझा,
बाळ्या