सोळाव्या मिनिटाला थांबणारं इंजिन

कॅन्टन, ओहायो
१२ ऑक्टोबर

प्रिय अरविंदा,

तुझी दोन पत्रं टेबलावर पडून आहेत आणि मी पाच महिने "लिहितो, लिहितो" करतोय. रागव, तुझा हक्क आहे. गुडघा ठीक, साखर आटोक्यात, हिची तब्येत उत्तम. आता मुद्द्याचं: इंजिन सोळाव्या मिनिटाला थांबतं. कधी सतराव्या. ते का थांबतं यावर कडाकडा भांडेल असं माणूस इथे एकही नाही, म्हणून लिहायला बसलो.

इंजिन तेच, १ए०८. अमेरिकन लष्कराच्या मिलिटरी स्टँडर्ड मालिकेतलं सगळ्यांत धाकटं. एक सिलिंडर, ए म्हणजे एअर-कूल्ड, ०८ म्हणजे आठ घन इंच, म्हणजे १३१ सीसी. मिनिटाला ३६०० फेऱ्यांना दीड हॉर्सपॉवर, वर अर्ध्या किलोवॉटचा जनरेटर. याच घरातलं २ए०१६ तीन हॉर्सपॉवरचं आणि ४ए०३२ सहाचं. लष्कराच्या म्यूल या छोट्या मालवाहू गाडीत हेच होतं का, असं तू विचारलं होतंस. नाही. म्यूलला आधी विलीसचं चार सिलिंडरचं होतं, नंतर दोन सिलिंडरचं ए०४२ आलं. ते बेचाळीस घन इंचांचं, या मालिकेच्या थोरल्या शाखेतलं. आणि माझ्या प्लेटवरचा लष्करी साठ्याचा नंबर २८०५ ने सुरू होतो, पण आकडे अकराच आहेत, तेरा नाहीत. तेरा आकड्यांची पद्धत १९७४ ला आली, त्यामुळे ही प्लेट त्याआधीची. उद्या तुला मिलिटरी डिस्पोजलच्या मालात अमेरिकन प्लेट दिसली, तर आधी आकडे मोज.

आता ऐक. थंड असताना दोरीच्या दुसऱ्या ओढीला सुरू होतं. पंधरा मिनिटं घड्याळासारखं चालतं, मग एखादं मिसिंग, मग दोन-तीन, आणि गप्प. लगेच दोरी ओढली तर काही नाही. पंचवीस मिनिटं थांबलं की पुन्हा पहिल्यासारखं. तू आत्ताच "कंडेन्सर!" म्हणून ओरडला असशील. थांब.

आधी पेट्रोल. बंद पडताक्षणी टाकीचं झाकण उघडलं. श्वासाचं भोक बुजलं असेल तर आत ओढल्यासारखा आवाज येतो, आला नाही. गाळणीची काचेची वाटी भरलेली. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून चार बोटं लांब, तरी ओल्या फडक्यात गुंडाळून पाहिली, फरक शून्य. लगेच प्लग काढला तर टोक ओलं. म्हणजे पेट्रोल पोचतंय, जळत नाही.

मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारा दांडा. गरम झाल्यावर फट संपून व्हॉल्व्ह टेकत नसेल, तर हेच लक्षण दिसतं. बंद पडल्या पडल्या कॉम्प्रेशन मोजलं: थंडपेक्षा चार पौंड कमी, बस. ही शंका संपली.

त्यानंतर ठिणगी. फट वाढवलेल्या प्लगने, सहा मिलिमीटरवर. थंड असताना निळी आणि कडक, बंद पडल्यावर तीन मिलिमीटरलाही येत नाही. चोर इथेच आहे. पण इथे चोर चार असू शकतात, आणि त्यातला एक तुझ्या व्हिलियर्स इंजिनाला कधीच नव्हता, म्हणून नीट वाच.

ही इंजिनं रेडिओशेजारी चालायची. ठिणगीची खरखर रेडिओत जाऊ नये म्हणून प्लगची वायर, प्लगचा वरचा भाग आणि बंद करायच्या खटक्याची वायर हे सगळं धातूच्या जाळीत झाकलेलं असतं. साध्या वायरीचं रबर तडकलं तर करंट जवळच्या लोखंडाकडे उडी मारतो आणि अंधारात दिसतो. इथे लोखंड चारी बाजूंनी चिकटूनच बसलेलं, आत गळती झाली तरी बाहेर काही दिसत नाही. रबर जुनं, गरम झालं की इन्सुलेशन आणखी खाली येतं. झाकलेल्या प्लगच्या नळीत तळाशी एक स्प्रिंग असते, तिच्यावर हिरवा गंज धरतो आणि चिनी मातीवर ओल बसते. म्हणून आधी खटक्याची वायर मॅग्नेटोवरून, म्हणजे ठिणगीची वीज तयार करणाऱ्या भागावरून, सोडवली. हे करशील तेव्हा एक लक्षात ठेव: मग इंजिन बंद करायला खटका उरत नाही. चोक पूर्ण ओढ किंवा पेट्रोलचा कॉक बंद कर, आणि हे सुरू करण्याआधीच ठरवून ठेव. मग साधी सात मिलिमीटरची वायर आणि साधा प्लग लावला. शेजाऱ्याचा रेडिओ खरखरला असेल, पण इंजिन सोळाव्या मिनिटालाच थांबलं.

मग तुझा लाडका कंडेन्सर. जुना सोडवून बाहेरून ०.२२ मायक्रोफॅरडचा, ६३० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर जोडला. पॉइंट, म्हणजे मॅग्नेटोतले उघडझाप करणारे संपर्क, उघडताना तिथे दोन-तीनशे व्होल्ट येतात, त्यामुळे शंभर व्होल्टचा लावू नकोस. पॉइंट तुझ्यासारखे एमरीने घासले नाहीत. आपलं ते भांडण अजून मिटलेलं नाही आणि मिटणारही नाही: एमरीची कणी धातूत रुतून बसते आणि पॉइंट पुन्हा करपतात. बारीक कानस, मग कोरं पोस्टकार्ड ओढायचं, शेवटी स्पिरिट. तरीही सतराव्या मिनिटाला बंद.

राहिली कॉइल. खोलीत प्रायमरी (जाड तारेचे वेढे) ०.६ ओहम, सेकंडरी (बारीक तारेचे) ६.८ किलोओहम. ओव्हनमध्ये ८५ अंशांवर तासभर ठेवली. तांब्याचा रोध अंशाला ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे साठ अंशांच्या वाढीला ८.४ किलोओहम यायला हवेत. आले ८.३. मीटर म्हणतो कॉइल निर्दोष आहे. पण मीटर दीड व्होल्टवर मोजतो आणि कॉइल काम करते हजारो व्होल्टवर. वेढ्या-वेढ्यांमधलं इन्सुलेशन गरमीत फुटत असेल तर मीटरला ते कळणारच नाही. ओव्हनमधल्या ताटलीत मात्र मेणाचे दोन काळे थेंब होते. मला त्या थेंबांनी झोप लागू दिली नाही.

काळजी हीच आहे, अरविंदा. नव्या पद्धतीची इलेक्ट्रॉनिक कॉइल मिळते, अर्ध्या दिवसात बसते. पण मग ते इंजिन जे होतं ते राहत नाही. वर मॅग्नेटोच्या झाकणाच्या स्क्रूवर कारखान्याचा रंग अजून न तुटलेला होता. तो मी तोडला, ते मनाला लागलं आहे. आता आत परकी वस्तू बसवायची नाही. गाभा, त्याच्या लोखंडी पट्ट्या (लॅमिनेशन), बाहेरचं माप तेच ठेवून वेढे नव्याने घालायचे. हे काम उद्यमनगरात तुझ्या हाताखाली व्हावं असं वाटतं. पंपाच्या मोटारी वाइंड करतोस म्हणून गृहीत धरू नको. हे वेगळं आहे. सेकंडरीची तार केसाहून बारीक, वेढे हजारांत. प्रत्येक थरानंतर कागद, कडेला तीन मिलिमीटर मोकळी जागा, आणि वर जाताना थर थोडा थोडा आखूड. मोटारीचं वार्निश ओतून बेक करू नको. आत हवेचे फुगे राहतात, तिथे करंट सूक्ष्म ठिणग्या मारत इन्सुलेशन खातो आणि सहा महिन्यांनी पुन्हा सोळावं मिनिट. व्हॅक्यूममध्ये पातळ इपॉक्सी, सावकाश. उलगडताना वेढे मोज. घाईत कापलंस तर मी विमानाने येऊन भांडेन.

कॉइल आली की पुरावा लोडवरच घ्यायचा. रिकामं चालवून गरमीचा दोष सापडला नाही म्हणजे दोष नाही असं होत नाही. कॉलेजातला रोप ब्रेक आठवतो ना, फिरत्या ड्रमवर दोरी आवळून ताकद मोजायचा, तोच केला आहे. पोलादी ड्रम १५० मिलिमीटर, बॅलन्स केलेला, दोरी १० मिलिमीटर सुती, म्हणजे त्रिज्या ८० धरायची. एक हॉर्सपॉवरला वजन वजा स्प्रिंग अडीच किलो येतं, पूर्ण दीडला ३.८. ऐकायला किरकोळ, पण एक हॉर्सपॉवर म्हणजे घरच्या इस्त्रीएवढी उष्णता त्या ड्रमवर. कडेच्या आतल्या खोबणीत पाणी सोडावं लागतं, पाऊण तासात पाऊण लिटर उडून जातं. नायलॉनची दोरी चुकूनही नको, वितळून चिकटते. सिलिंडरवरचा पत्रा लावूनच चालव. पाहायला सोपं जातं म्हणून काढला की पंख्याची हवा फिनांपर्यंत पोचत नाही. आणि गरम हवा भिंतीवर आपटून परत पंख्यात येऊ देऊ नको, मीटरभर जागा सोड.

बैठकीचंही सांगतो, तुझ्या त्या चार्जिंग इंजिनाला उपयोगी पडेल. एका सिलिंडरचं इंजिन फळीवर आवळलं की आठवड्यात बोल्ट सैल. ७५ बाय ४० च्या दोन चॅनेल, दोन आडव्या पट्ट्या, चार रबरी माउंट, साधारण ५० शोअरचे (शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप). एक्झॉस्टला लवचीक तुकडा, नाहीतर माउंटवर डोलणारं इंजिन पाइपच तोडतं. आटे इंची असतील तर बोल्टही इंचीच. तीन अष्टमांशाच्या भोकात दहा एमएम जोर लावला तर दोन फेऱ्या जातो, मग ॲल्युमिनियमचा आटा सोलून निघतो.

मृणालचं लग्न ठरलं हे वाचून फार आनंद झाला, तारीख कळव. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना? वहिनींना नमस्कार. फौंड्रीच्या वीजबिलाचं जे लिहिलंस त्यावर फोनवरच बोलू.

तुझा,
विनायक

ता. क. कॉइल बबलरॅपमध्ये नको, डब्यात भुसा भरून पाठवतो. आल्यावर आधी प्रायमरी मोज, ०.६ ओहम नाही आले तर वाटेत काहीतरी तुटलंय, मग वेढे उलगडण्याआधी मला कळव.