काकूंच्या साडीचे कानातले

गिरगाव, मुंबई
गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी

प्रिय मंजे,

आधी सांगूनच टाकते, मग हव्या तेवढ्या शिव्या घाल. काकूंच्या साडीला मी कात्री लावली. तीच गं, वांगी कलरची म्हैसूर सिल्क, नाशिकला जाताना माझ्याकडे टाकून गेलीस ती. बघवत पण नाही आणि टाकवत पण नाही, तूच कर काहीतरी, असं म्हणाली होतीस. दोन वर्षं डांबरगोळ्यांत पडून होती. मे महिन्यात काढली तर प्रत्येक घडीवर विरलेली, नुसती उलगडली तरी घडीच्या रेषेवर टर्रकन जायची. गोधडीत घालायच्या पण लायकीची राहिली नव्हती. आत खोचायचा भाग तेवढा ठणठणीत, बहुतेक त्याला ऊन लागलं नाही म्हणून. मग म्हटलं आता हिचं काय करायचं ते आपणच करू, आणि जे केलं ते लिहायला बसलेय, फोनवर तू मध्येच रडायला लागली असतीस.

एका प्रदर्शनात कानातले बघितले होते. मध्ये काचेचा खडा, त्याच्याभोवती चुण्याचुण्यांची रेशमी पट्टी लाटेसारखी वळवलेली आणि कडेने बारीक मणी. ती बाई म्हणाली ही शिबोरी रिबन, जपानी पद्धत. मी भुलेश्वर पालथं घातलं, मग अब्दुल रेहमान स्ट्रीट, सगळीकडे सॅटिनची रिबन पुढे करायचे, वर "मॅडम यही चलता है". चुण्यांची दाखवा म्हटलं तर फ्रॉकला लावायची झालर काढून दाखवली. घरी येऊन शिबोरीचं वाचलं आणि हसायलाच आलं, कारण हे तर आपण चाळीत करायचो! आठवतंय का, तुझा तो लेहरियाचा दुपट्टा, धुतला की तू गॅलरीच्या एका टोकाला आणि मी दुसऱ्या टोकाला, पीळ पीळ पिळायचा आणि गाठ मारून खिळ्याला अडकवायचा, सकाळी मस्त क्रश. जपान्यांचं त्यापेक्षा नीटनेटकं असतं एवढंच. कापड पाइपवर तिरकं गुंडाळायचं, वरून दोरा घट्ट फिरवायचा, दोन फेऱ्यांमध्ये करंगळीच्या नखाएवढं अंतर, आणि मग सगळं कापड एका टोकाला सारायचं, ते चेपून चेपून अगदी बोटभर उरतं. रंगवायचं असेल तर तसंच रंगात. ह्या प्रकाराला ते अराशी म्हणतात, म्हणजे वादळ, कारण रंगवल्यावर तिरक्या रेघा येतात त्या वाऱ्यात झोडपणाऱ्या पावसासारख्या दिसतात. मला रंगवायचं नव्हतंच, काकूंचा रंग मला तसाच हवा होता.

पट्ट्या कापल्या उरेब, कापडाच्या विणीला तिरक्या, म्हणजे सुतं सुटत नाहीत आणि वळवली की छान वळते. रेशमाला चुणी धरायला वाफ लागते. आता वाफ म्हटल्यावर घरात काय, तर मोदकपात्र. सासूबाई मठात गेल्या होत्या म्हणून हिंमत केली. प्लंबरकडून पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा आणला होता, त्यावर पट्टी बांधून चाळणीवर ठेवली. वीस मिनिटांनी झाकण काढलं तर पाइप वाकून चपटा, दोऱ्याने आवळून त्याची चकली झालेली, आणि सासूबाई दारात. पीव्हीसी उकळत्या पाण्याच्या आतच मऊ पडतं हे मला कोण सांगणार. त्यानंतर पडद्याच्या स्टीलच्या रॉडचा तुकडा कापून घेतला, आणि जर्मनचं वेगळं पातेलं घेतलं, कारण मोदकपात्राच्या वाटेला जायचं नाही असा आदेश निघाला. वाफवल्यावर रॉडवरच वाळू द्यायचं, दीड दिवस पंख्याखाली. घाई केलीस की मेहनत पाण्यात. दोरा सोडताना मात्र काय मजा येते, सगळं आखडलेलं असतं, दोन्ही टोकं धरून हळूच ताणलं की हार्मोनियमच्या भात्यासारखं उघडतं, आणि चुणीच्या वरच्या कडेला वांगी, खाचेत जवळजवळ काळा.

जुलैत घोळ झाला. पहिली जोडी चिकटवून केली होती, फेविकॉल टाईप ग्लू लावून फेल्टवर, म्हणजे त्या दाबून केलेल्या जाडसर कापडावर. एक तर ग्लू रेशमातून वर आला, तेलाचा डाग पडावा तसा. ते मणी लावून लपवलं. मग ती घालून चर्चगेटपर्यंत गेले, धो धो पाऊस, छत्री उलटी, घरी येऊन बघते तर चुण्या गायब. नुसती लोंबणारी पट्टी, भिजलेल्या पापडासारखी. मला वाटलं आपणच काहीतरी चुकलो. पण रेशमाचा स्वभावच तो गं, वाफेने धरलेली चुणी पाण्याने सुटते. पॉलिएस्टर उष्णतेने एकदा वळलं की वळलं, धुतलं तरी जात नाही, इस्से मियाके म्हणून जपानी डिझायनर, त्याने 1993 साली प्लीट्स प्लीज नावाने ते चुण्यांचे कपडे आणले ते म्हणूनच पॉलिएस्टरचे. आणि त्याच्या कितीतरी आधी व्हेनिसमध्ये मारियानो फॉर्तुनी म्हणून एकजण होता, तो असल्या बारीक चुण्यांचे रेशमी झगे करायचा, 1909 मध्ये त्याने पॅरिसला त्याचं पेटंटही घेतलं. ते झगे पीळ घालून गोल डबीत ठेवायचे, अगदी आपल्या दुपट्ट्यासारखे, आणि भिजले की चुण्या परत घालून घ्यायला त्याच्याकडेच पाठवायचे. कडेने मुरानोच्या काचेचे मणी ओवलेले असायचे, दिसायला छान आणि झग्याला वजनही. ते वाचलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला की आपण मण्यांकडे फक्त नटवायला म्हणून बघत होतो, त्यांना कामाला लावायला पाहिजे.

मग ग्लू बंद, सगळं टाक्यांनी. खाली बकरम, म्हणजे कॉलरमध्ये घालतात ते कडक कापड, त्यावर फेल्ट. मध्ये खडा बसवायचा, त्याला मण्यांचंच कोंदण विणायचं, अकरा नंबरच्या मण्यांच्या रांगा आणि वरची शेवटची पंधरा नंबरची, म्हणजे तोंड आवळलं जातं. (नंबर वाढला की मणी लहान होतो. मी उलटं समजून पाव किलो चुकीचे मणी आणले होते, ते अजून आहेत, पाहिजेत का?) पट्टी कोंदणाच्या बुडाशी दाबायची, आतल्या बाजूला चुण्या एकमेकींना चिकटून आणि बाहेरच्या बाजूला पंख्यासारख्या मोकळ्या. आणि मग एकेका खाचेत दहा नंबरची सुई वर काढायची, एक मणी घ्यायचा, तिथेच खाली जायचं. प्रत्येक खाचेत. मणी खाचेत रुतून बसतो आणि दोन्हीकडच्या चुण्या उभ्या धरतो. दोरा जास्त ओढला की खड्डा पडतो, ढिला ठेवला की मणी डुलतो, तो अंदाज यायला मला तीन जोड्या लागल्या. ऑगस्टमध्ये एक कानातलं मुद्दाम बेसिनच्या नळाखाली धरलं. चुणीचा करकरीतपणा गेला, पण पंखा पंखाच राहिला! मी एकटीच किचनमध्ये नाचले.

एका जोडीला अडीच दिवस जातात. ऑफिसमधल्या एकीने चार जोड्या सांगितल्या आणि किंमत ऐकून म्हणाली, "अगं पण रिबनचेच तर आहेत." मी काही बोलले नाही, दुपारी तिला डब्यातली भाजी दिली नाही एवढंच.

तर तुझी जोडी तयार आहे. रंग आता उतरत नाही, एकदा कोमट पाण्यात बुडवून बघितलंय, पहिलं पाणी कॉफीसारखं निघालं आणि नंतर स्वच्छ. सेंट मारायचा तो कानातले घालायच्या आधी मार आणि कपाटात दाबून ठेवू नकोस, चपटे होतील, चहाच्या रिकाम्या डब्यात कापूस घालून ठेव. जरीचा काठ मी हातही न लावता गुंडाळून ठेवलाय, साडेपाच वार आहे आणि अजून चमकतो. खोचायच्या भागातून आणखी दोन-तीन जोड्या होतील, एक तुझ्या ताईला द्यावी का? ती चिडेल असं वाटत असेल तर नको, काठाचं पण तुम्ही दोघींनी ठरवा.

आणि हे कळव पटकन, तुला हूक लावू की फिरकी? तुझे कान आर्टिफिशियलला पिकतात म्हणून मी चांदीचंच लावणार आहे, पण पत्रातच उत्तर दे हं, व्हॉट्सॅपवर नुसता अंगठा पाठवलास तर दोन्ही कानांना वेगवेगळं लावून पाठवेन.

तुझीच,
सुमी