'राजपूत' एक नव्हे, दोन

मा. संपादक,

स.न.वि.वि.

नौदल दिनानिमित्त आपण १९७१ च्या युद्धात बुडालेल्या पाकिस्तानी 'गाझी' पाणबुडीवर छापलेला लेख वाचला. लेख चांगला आहे, पण त्यात एक घोळ झाला आहे. गाझीच्या मागावर गेलेली आपली युद्धनौका 'राजपूत' २०२१ मध्ये निवृत्त झाली, असे लेखकाने लिहिले आहे, आणि सोबतच्या छायाचित्रातील नौकेवर चक्क 'डी ५१' असा क्रमांक आहे. ही नौका १९७१ मध्ये बांधायलाही घेतली नव्हती! दरवर्षी डिसेंबरात कुठे ना कुठे हीच चूक दिसते, म्हणून हे पत्र.

१९७१ ची राजपूत म्हणजे 'डी १४१'. मूळची ब्रिटिश विनाशिका 'रॉदरहॅम'. स्कॉटलंडमधील क्लाइडबँकच्या गोदीत बांधलेली ही नौका १९४२ मध्ये ब्रिटिश नौदलात दाखल झाली. चार तोफा, आठ पाणतीर (टॉर्पेडो) नळ्या, वेग सुमारे ३६ नॉट. या वर्गाची, म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेल्या या नौकांची, एक गंमत सांगण्यासारखी आहे. त्याआधीच्या ब्रिटिश विनाशिकांत अधिकाऱ्यांच्या खोल्या मागच्या टोकाला असत आणि काम पुढे ब्रिजवर, म्हणजे नौका चालवण्याच्या जागी. खवळलेल्या समुद्रात पाळी बदलायची म्हणजे लाटा झेलत उघड्या डेकवरून जायचे. या वर्गात त्या खोल्या पुढे आणल्या. नकाशात छोटासा वाटणारा हा बदल रात्री दोनच्या पाळीवर निघणाऱ्याला केवढा मोठा वाटला असेल!

रॉदरहॅमने दुसऱ्या महायुद्धाचा बराच काळ हिंदी महासागरात काढला. १९ एप्रिल १९४४ रोजी दोस्तांच्या विमानवाहू नौकांनी सुमात्राच्या टोकाजवळील साबांग या जपानी तळावर हल्ला केला, तेव्हा सोबतच्या विनाशिकांत तीही होती. १९४९ मध्ये ती भारताकडे आली आणि राजपूत झाली. तिच्या बरोबरच्या 'रेडाउट' आणि 'रेडर' या अनुक्रमे 'रणजित' आणि 'राणा' झाल्या.

१९७१ पर्यंत ती पुरती थकली होती, निवृत्तीच्या उंबरठ्यावर होती. बॉयलरला तडे गेलेली आपली विमानवाहू नौका 'विक्रांत' अंदमानकडे लपवून ठेवलेली, आणि तिच्या शिकारीसाठी पाकिस्तानने गाझी पाठवलेली. पूर्व नौदल कमांडचे प्रमुख व्हाइस अॅडमिरल कृष्णन यांनी मग राजपूतलाच विक्रांतचे सोंग घ्यायला लावले. रेडिओवर मुद्दाम संदेशांची रेलचेल केली. विक्रांतवरचा एक खलाशी आजारी आईची खुशाली विचारतो आहे, अशी खोटी तारसुद्धा सांकेतिक भाषा न वापरता उघड पाठवली. मला या साऱ्या कथेत ही तार सर्वांत आवडते.

३ डिसेंबरच्या रात्री लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग यांनी राजपूत विशाखापट्टणमबाहेर काढली. बंदराबाहेरची वाट दाखवणाऱ्या वाटाड्याला उतरवल्यावर पुढे पाणी संशयास्पद ढवळलेले दिसले. तिथे दोन डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारे पाणबुडीविरोधी बॉम्ब) टाकून नौका आपल्या वाटेने निघून गेली. मध्यरात्रीनंतर मोठा स्फोट झाला. गाझी नव्वदहून अधिक जणांसह तळाशी गेली. ती डेप्थ चार्जनेच बुडाली की तिने स्वतःच पेरलेल्या सुरुंगांनी, हा वाद अजून मिटलेला नाही. पाकिस्तान अपघाताचे आपले म्हणणे सोडत नाही आणि आपल्याकडच्याही काही जाणकारांनी शंका घेतल्या आहेत. तेव्हा लेखात नुसते 'राजपूतने गाझी बुडवली' असे ठोकून न देता वादाचा उल्लेख एका ओळीत तरी हवा होता.

ही जुनी राजपूत १९७६ मध्ये भंगारात गेली. नाव मात्र राहिले, कारण निवृत्त नौकेचे नाव नवीला द्यायची नौदलाची प्रथाच आहे, आणि घोटाळ्याचे मूळही तेच. दुसरी राजपूत सोव्हिएत बनावटीची, ४ मे १९८० रोजी जॉर्जियातील पोटी बंदरात नौदलात सामील झालेली. तिचे पहिले कप्तान हिरानंदानी. पुढे त्यांनीच नौदलाचा इतिहास लिहिला, आणि त्यात पहिल्या राजपूतची ती रात्र आहे. क्षेपणास्त्रे डागणारी ही नौका २१ मे २०२१ रोजी निवृत्त झाली. तिची एक्केचाळीस वर्षांची सेवा स्वतंत्र लेखाच्या तोलाची आहे, तिला उसन्या पराक्रमाची गरज नाही.

दोघींना ओळखणे अवघड नाही. जुनीला एकच धुरांडे, नवीला जोडीजोडीने चार. दुरुस्ती छापाल तेव्हा कृपया एका धुरांड्याचे छायाचित्र छापा.

आपला,
एक नियमित वाचक